परदेशी एअरलाइन की मायदेशातले करिअर? वैमानिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफर लेटर हातात पडले की पहिला हिशेब पगाराचा होतो. तो करायलाच हवा, पण तेवढ्यावर थांबू नका. वाईट काळ आला तर झळ कोण सोसणार आणि परत यावेसे वाटले तर कुठल्या पायरीवर उभे राहावे लागणार, हे दोन प्रश्न पगाराइतकेच मोठे आहेत. खालची बहुतेक उत्तरे फिरून फिरून तिथेच येतात.

परदेशात पगार खरोखरच जास्त मिळतो का?

हातात पडणारी रक्कम बऱ्याचदा जास्त असते. संयुक्त अरब अमिरात आणि कतारमध्ये वैयक्तिक प्राप्तिकर नाही. शिवाय घर किंवा घरभाडे, मुलांच्या शाळेचा भत्ता, वैद्यकीय विमा आणि वर्षाचे विमान तिकीट हे सगळे पॅकेजमध्ये येते. दिरहॅम आणि रियाल डॉलरला बांधलेले असल्यामुळे मायदेशाचे चलन डॉलरपुढे घसरले की तुमची बचत आपोआप वाढते.

पण पॅकेजचा एकच आकडा पाहू नका, तो फोडून पाहा. बेसिक (मूळ पगार) किती, फ्लाइंग पे (उडालेल्या तासांचे पैसे) किती, लेओव्हरचे (दोन उड्डाणांमधल्या बाहेरगावच्या मुक्कामाचे) भत्ते किती? बेसिकला महत्त्व आहे, कारण नोकरी सोडताना मिळणारी रक्कम त्यावरच ठरते. अमिरातीच्या कायद्यात पहिली ५ वर्षे दर वर्षामागे २१ दिवसांचे आणि त्यापुढे ३० दिवसांचे बेसिक ग्रॅच्युइटी म्हणून मिळते. भत्ते फुगवून बेसिक बारीक ठेवले असेल, तर ही रक्कमही बारीकच निघते. फ्लाइंग पे तर उड्डाण झाले तरच मिळतो. आजारपण, सिम्युलेटरचा (जमिनीवरच्या कृत्रिम कॉकपिटमधल्या सरावाचा) महिना किंवा मंदी यांत तो आटतो, म्हणून 'सर्वांत वाईट महिन्यात किती मिळेल' हे काढून ठेवा. मायदेशात कंपनी तुमच्या निवृत्तिवेतनात किंवा भविष्य निर्वाह निधीत जे भरत होती, ते आता तुम्हालाच बाजूला काढावे लागेल, हेही त्याच कागदावर लिहा.

आणि मायदेशातला पगार जागच्या जागी राहत नाही. २०२३ मध्ये डेल्टा या अमेरिकी एअरलाइनच्या वैमानिकांनी एकूण ३४ टक्के वाढीचा करार मंजूर केला, त्यामागोमाग अमेरिकेतल्या इतर मोठ्या कंपन्यांचेही करार झाले. आखातात उडवणाऱ्या अमेरिकन कॅप्टनचे गणित त्या एका वर्षात उलटेपालटे झाले. तुलना करताना आजचा पगार आजच्या पगाराशी लावू नका, पुढच्या १० वर्षांचा अंदाज धरा.

करमुक्त पगार म्हणजे पूर्णपणे करमुक्तच ना?

नोकरीच्या देशात असेल. मायदेशात काय, हे तुमचे नागरिकत्व आणि वर्षातले दिवस ठरवतात. अमेरिकी नागरिकाचे जगभरातले उत्पन्न करपात्र असते. परदेशी उत्पन्नावरच्या सवलतीसाठी अनेक जण १२ महिन्यांत ३३० पूर्ण दिवस परदेशात असल्याचे दाखवतात. गंमत अशी की खुल्या समुद्रावरून उडण्याचा वेळ 'परदेशात' धरला जात नाही, त्यामुळे लांब पल्ल्याच्या वैमानिकाचा हिशेब कार्यालयात बसणाऱ्यापेक्षा किचकट होतो. इतर बहुतेक देश वर्षात किती दिवस देशात होतात ते मोजतात. मायदेशातला लेओव्हर हाही दिवसच असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. रोस्टर (ड्युटीचे वेळापत्रक) जपून ठेवा आणि विमान कर्मचाऱ्यांचे विवरणपत्र भरण्याचा अनुभव असलेला सल्लागार गाठा.

सीनिऑरिटी सोडून जाणे एवढे महागात पडते का?

तुमच्या एअरलाइनमध्ये सीनिऑरिटीला किती वजन आहे, त्यावर अवलंबून आहे. जिथे संघटना मजबूत आहे, तिथे रुजू झाल्याची तारीख आणि त्यावरून बनलेल्या सीनिऑरिटी यादीतला क्रमांक हीच तुमची मालमत्ता. कुठले विमान, कुठला बेस (जिथून तुमची उड्डाणे सुरू होतात ते शहर), दिवाळी-नाताळला सुट्टी कोणाला, कमांड (कॅप्टनपद) कधी, आणि मंदीत आधी घरी कोण जाणार, सगळे त्या यादीवर ठरते. राजीनामा दिलात की तो क्रमांक गेला. ८ वर्षांनी हजारो तास जास्त घेऊन परत आलात, तरी यादीच्या तळाला लागणार आणि कालपर्यंत ज्यांना तुम्ही शिकवत होतात ते तुमच्या वर असणार.

म्हणून सोडण्यापूर्वी एक गोष्ट लेखी विचारा: बिनपगारी दीर्घ रजा मिळते का, आणि रजेच्या काळात सीनिऑरिटी चालू राहते का. काही कंपन्या हातात विमाने कमी असतात तेव्हा अशी रजा खुशीने देतात. मिळाली तर परदेशाचा प्रयोग निम्म्या जोखमीत होतो.

जिथे सीनिऑरिटी नावापुरती आहे आणि कमांड मूल्यमापनावर किंवा कंपनीच्या गरजेवर मिळते, तिथे सोडून जाण्याचा तोटा बराच कमी. तिथल्या वैमानिकाने अमेरिकी सहकाऱ्याचे भय उसने घेण्याचे कारण नाही.

मी फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे. कमांड मिळेपर्यंत थांबू की आत्ताच जाऊ?

कमांड वर्ष-दोन वर्षांत दिसत असेल, तर थांबा. इथे मी ठाम आहे. परदेशी बाजारात कॅप्टन म्हणून केलेल्या तासांना जे वजन आहे, ते उजव्या (सहवैमानिकाच्या) सीटवरच्या कितीही तासांना येत नाही. डायरेक्ट एंट्री कॅप्टनच्या (थेट कॅप्टन म्हणून भरतीच्या) जाहिराती वाचून पाहा: त्याच टाइपवर (विमानाच्या प्रकारावर) पीआयसी (कॅप्टन म्हणून उडवलेले) तास मागितलेले असतात आणि शेवटचे उड्डाण किती महिन्यांपूर्वीचे चालेल याचीही अट असते. कमांड झाल्या झाल्या निघू नका. लॉगबुकात आधी पुरेसे पीआयसी तास जमू द्या.

कमांड ५-७ वर्षे दूर असेल तर गोष्ट वेगळी. पण ज्या कंपनीत जाताय तिथे तरी ती जवळ आहे का? 'अमुक वर्षांत अपग्रेड' हे वाक्य भरतीच्या बैठकीत सगळेच ऐकवतात, करारात ते क्वचितच सापडते. तिथे उडणाऱ्यांना विचारा की गेल्या वर्षी ज्यांची कमांड झाली ते कधी रुजू झाले होते. त्या उत्तरात सगळे आले. विमानांच्या ऑर्डरची यादीही बघा, पण विमाने उशिरा येतात हे धरूनच.

वाइड-बॉडीचा मोह धरू नये का?

धरा की. मोठे विमान, महासागर ओलांडणे, नवे विमानतळ यांत आनंद आहे आणि तो खोटा नाही. एमिरेट्सच्या ताफ्यात तर सगळीच विमाने वाइड-बॉडी आहेत.

पण लॉगबुकाचे पान डोळ्यासमोर आणा. नॅरो-बॉडीवर (लहान विमानावर) दिवसाला ३-४ सेक्टर (उड्डाणे) म्हणजे आठवड्यात हात चांगला बसतो. लांब पल्ल्यावर १४ तासांच्या उड्डाणात चार वैमानिक असतात, लँडिंग एकच आणि ते एकालाच मिळते. महिनाभरात तास ८५ आणि लँडिंग २, असे पान सहज दिसते. ९० दिवसांत ३ टेकऑफ-लँडिंगची अट कधी कधी सिम्युलेटरमध्ये जाऊन पुरी करावी लागते. काही कंपन्यांत सेकंड ऑफिसर अशी वेगळी पायरी असते. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकमध्ये वर्षानुवर्षे तो फक्त क्रूझमध्ये (उंचीवरच्या सरळ उड्डाणात) सीट सांभाळत आला, टेकऑफ-लँडिंग त्याच्या वाट्याला नसे. करिअरच्या सुरुवातीला हात घडण्याचा काळ असा घालवायचा का, ते ठरवून जा.

नॅरो-बॉडीचा कॅप्टन वाइड-बॉडीवर फर्स्ट ऑफिसर म्हणून जातो तेव्हा आणखी एक घडते. डावी सीट सोडल्यावर पीआयसी तासांचे मीटर थांबते, आणि काही वर्षांनी 'अलीकडचे पीआयसी' या रकान्यात लिहायला काही उरत नाही.

रोस्टर तिकडे जास्त थकवणारे असते का?

कागदावरच्या मर्यादा जगभर साधारण सारख्याच आहेत. युरोपीय नियमांत २८ दिवसांत उड्डाणाचे १०० तास, कॅलेंडर वर्षात ९०० आणि सलग १२ महिन्यांत १०००. अमेरिकेत ३६५ दिवसांत १०००. फरक पडतो तो कंपनी या मर्यादेच्या किती जवळ जाऊन रोस्टर आखते त्यात. एका कंपनीत वर्षाचे ६५० तास होतात, दुसरीत ९००, आणि दोघीही नियमातच असतात.

तासांपेक्षा घड्याळ पाहा. प्रवासी जिथे विमान बदलतात अशा मोठ्या हबवर (मुख्य विमानतळावर) विमानांच्या लाटा मध्यरात्री आणि पहाटे येतात-जातात. म्हणजे रात्री १० ला पिकअप, पहाटे दुसऱ्या देशात उतरून तासाभरात परत उड्डाण, सकाळी ९ ला घरी, पडदे ओढून झोप, आणि एका दिवसाआड पुन्हा तेच. नियम पाळून केलेले रोस्टर शरीर मोडू शकते. ओळखीच्या कोणाकडून फेब्रुवारीचे आणि ऑगस्टचे, अशी दोन खरी रोस्टर मागून घ्या. माहितीपत्रकात दाखवलेले 'नमुना रोस्टर' नेहमीच सुंदर असते.

थकव्याचा रिपोर्ट दिला तर काय होते, हेही विचारा. 'रिपोर्ट देता येतो' हे सगळीकडेच खरे असते. दिल्यावर पगार कापतात का, बोलावून घेतात का, हे कॉकपिटमधल्या लोकांनाच ठाऊक असते.

लायसन्स बदलून घ्यावे लागते का?

दोन मार्ग आहेत. व्हॅलिडेशन म्हणजे तुमच्या मूळ लायसन्सवर दिलेली परवानगी, कन्व्हर्जन म्हणजे त्या देशाचे स्वतंत्र लायसन्स. व्हॅलिडेशन पटकन होते, पण आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्याची मुदत मूळ लायसन्सच्या मुदतीपुढे जाऊ शकत नाही. मूळ लायसन्स संपले की परवानगीही संपली. परदेशात रमल्यावर मायदेशाच्या रिन्यूअलकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी हे कपाटावर चिकटवून ठेवावे.

कन्व्हर्जनमध्ये सर्वांत लांबचा रस्ता युरोपचा. बाहेरच्या एटीपीएल (एअरलाइन वैमानिकाचे सर्वोच्च लायसन्स) धारकालाही १३ लेखी परीक्षा द्याव्या लागतात, उत्तीर्ण व्हायला प्रत्येकीत ७५ टक्के, आणि पहिल्या पेपरपासून साधारण १८ महिन्यांत सगळे संपवायचे. शिवाय वैद्यकीय तपासणी आणि स्किल टेस्ट. ब्रिटन १ जानेवारी २०२१ पासून या व्यवस्थेच्या बाहेर आहे, त्यामुळे ब्रिटिश लायसन्सवर युरोपातल्या कंपनीचे विमान आता थेट उडवता येत नाही. अमेरिकेत एटीपीची (एटीपीएलचेच तिथले नाव) लेखी परीक्षा एकच, पण त्याआधीचा सक्तीचा कोर्स आणि १५०० तास आहेत. तिथली खरी अडचण परीक्षेची नसून काम करण्याच्या हक्काची आहे, तो आधीपासून असेल तरच बहुतेक कंपन्या अर्ज पाहतात.

कुठेही गेलात तरी मूळ देशाच्या विमान वाहतूक नियामकाकडून लायसन्स खरे असल्याची पडताळणी आणि अपघात-घटना नसल्याचे पत्र लागते. ही पत्रे वेळ खातात. वैमानिकांच्या इंग्रजी परीक्षेतली पातळी ४ असेल तर तिची मुदत तपासा, ६ असेल तर पुन्हा परीक्षा नाही.

भरती एजन्सीमार्फत आहे. काही बिघडते का?

करारावर तुमचा नियोक्ता म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहा. एजन्सीचे असेल, तर गणवेश आणि विमान एअरलाइनचे, पण आजारपणाची रजा, पगार थकल्यास दाद, बडतर्फी हे सगळे एजन्सीशी. ती नोंदलेली भलत्याच देशात, आणि वाद झाला तर कुठल्या न्यायालयात जायचे हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. काही करारांत तुम्ही कागदोपत्री स्वयंरोजगारी असता: उडालात तर पैसे, नाही तर नाही. तरुण वयात, घरी जबाबदारी नसताना, हे चालून जाते. कर्ज डोक्यावर असेल तर नको.

सहा आठवडे काम, तीन आठवडे घर असे करार कसे वाटतात?

कुटुंब हलवायचे नसेल तर उत्तम तडजोड. फक्त दोन गोष्टी तपासा: घरी जायला कन्फर्म तिकीट मिळते की रिकाम्या सीटची वाट पाहावी लागते, आणि प्रवासाचे दिवस कोणाच्या सुट्टीतून जातात. स्टँडबाय तिकिटावर सुट्टीच्या मोसमात दोन दिवस विमानतळावर काढले, तर तीन आठवड्यांचे उरतात किती ते बघा.

मंदी आली तर परदेशी वैमानिकाला आधी काढतात का?

बऱ्याचदा हो. २०२० च्या सुरुवातीला काही चिनी कंपन्यांनी परदेशी वैमानिकांना बिनपगारी रजेवर पाठवले, आणि अनेकांचे करार पुढे संपलेच. त्याच वर्षी एमिरेट्सने शेकडो वैमानिक कमी केले. कॅथे पॅसिफिकने ऑक्टोबरमध्ये कॅथे ड्रॅगन ही उपकंपनी बंद केली आणि उरलेल्या वैमानिकांपुढे कमी पगाराचे नवे करार ठेवले.

म्हणून मायदेश सुरक्षित, असे मात्र नाही. ब्रिटनची मोनार्क ऑक्टोबर २०१७ मध्ये एका रात्रीत बंद पडली. जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ ला शेवटचे उड्डाण केले तेव्हा वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते.

फरक नोकरी गेल्यानंतर सुरू होतो. मायदेशात नोकरी गेली तर नोकरीच जाते. परदेशात तिच्यामागे व्हिसा, कंपनीचे घर आणि मुलांची शाळा ठरावीक दिवसांत जाते. आखातात अंतिम हिशेब होताना बँक पगाराचे खाते गोठवून आधी कर्ज वसूल करते, असेही घडते. तिथे गाडीसाठी मोठे कर्ज काढून बसलेले सहकारी मी पाहिले आहेत, आणि निघताना त्यांची झालेली धावपळही. माझा नियम: सहा महिन्यांचा घरखर्च मायदेशाच्या खात्यात असल्याशिवाय तिकडे कर्ज नाही.

मेडिकल (वैद्यकीय योग्यतेचे प्रमाणपत्र) गेले तर?

या प्रश्नाकडे तरुण लक्ष देत नाहीत आणि चाळिशीनंतर सगळे देतात. क्लास वन मेडिकल बहुतेक ठिकाणी दर १२ महिन्यांनी, साठीनंतर ६ महिन्यांनी. ते तात्पुरते गेले तर कंपनी किती महिने पगार देते, किती महिन्यांनी करार संपवू शकते, आणि लॉस ऑफ लायसन्सचा (मेडिकलअभावी लायसन्स गेल्यास पैसे देणारा) विमा कंपनीचा आहे की स्वतःचा काढायचा? स्वतःचा असेल तर देश बदलल्यावर तो चालतो का?

नियामकांमध्येही फरक असतो. अमेरिकेने २०१० पासून काही नैराश्यविरोधी औषधे घेणाऱ्यांना अटींवर उडू दिले. मायदेशात चालणारा आजार किंवा औषध तिकडे चालेलच असे नाही. याची चौकशी राजीनाम्याआधी करायची. काही देशांत साध्या वेदनाशामकांतला कोडीनसारखा घटकही परवानगीशिवाय आणता येत नाही.

वय पन्नाशीच्या पुढे आहे. उशीर झाला का?

झालाच असे नाही. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादा ६० वरून ६५ झाली, म्हणजे हातात १० वर्षांहून जास्त असू शकतात. पण कंपन्या बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी करण्याचा करार) पुरा व्हावा आणि प्रशिक्षणाचा खर्च वसूल व्हावा म्हणून रुजू होण्याचे कमाल वय वेगळे ठेवतात. जाहिरातीत ते असते. टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचे विमान उडवण्याची परवानगी) आधीच असलेल्या कॅप्टनला या वयात सर्वांत जास्त मागणी असते, नव्या टाइपवर जाऊ पाहणाऱ्याला कमी.

नुकतेच सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचे लायसन्स) झाले, २०० तास आहेत. थेट परदेशात जाता येईल?

जवळजवळ नाही. कॅडेट (नवशिक्यांच्या भरतीच्या) योजना बहुधा त्या देशाच्या नागरिकांसाठी असतात. आधी मायदेशात मल्टी-क्रू (एकापेक्षा जास्त वैमानिकांच्या) विमानावर बसा, टर्बोप्रॉप (पंख्याचे छोटे विमान) असले तरी.

बॉण्ड आणि नोटीस पीरियड यांतून लवकर सुटता येते का?

बॉण्डची रक्कम महिन्यागणिक कमी होते का, की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते, हे बघा. कमी होणारा असेल तर नवी कंपनी उरलेले पैसे भरते का, विचारायला लाजू नका.

नोटीसची गोष्ट जास्त अडवते. भारतात नियामकाने २०१७ मध्ये कॅप्टनसाठी १ वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरसाठी ६ महिने अशी मुदत ठरवली. परदेशी कंपन्या इतके थांबत नाहीत, निदान लेखी तारखेशिवाय नाही. ऑफर पक्की होण्याआधी राजीनामा देऊ नका, आणि 'पक्की' म्हणजे मेडिकल आणि पडताळणी पार पडून सहीचा करार हातात आल्यावर. मुलाखत छान झाली, पूलमध्ये (निवड झालेल्यांच्या प्रतीक्षायादीत) नाव आले, याला नोकरी म्हणत नाहीत. पूलमध्ये दोन दोन वर्षे काढलेले लोक आहेत.

कुटुंबाचे काय?

जोडीदाराला तिथे स्वतःच्या नावावर काम करता येते का, हा पहिला प्रश्न. करिअर असलेली व्यक्ती 'डिपेंडंट' म्हणून पाच वर्षे घरी बसली, तर त्या उत्पन्नाची आणि कौशल्याची किंमत पॅकेजमधून वजा करा. मुलांसाठी शाळेचा भत्ता किती मुलांपर्यंत आणि कुठल्या इयत्तेपर्यंत, तेही पाहा. मूल दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर असेल तर एक-दोन वर्षे थांबणे किंवा ये-जा करण्याचा करार घेणे बरे. आणि आई-वडील थकत चालले असतील, तर इमर्जन्सी रजा किती तासांत मिळते हे सध्या तिथे उडणाऱ्यालाच विचारा.

चार-पाच वर्षांनी परत यायचे ठरवले तर?

जायच्या आधीपासून तयारी ठेवा. मायदेशाचे लायसन्स आणि मेडिकल जिवंत ठेवा, सुट्टीत रिन्यूअल उरकून घ्या. परदेशी विमानावरचे तास मायदेशाच्या नियामकाला ज्या नमुन्यात लागतात, त्याच नमुन्यात दर महिन्याला कंपनीकडून प्रमाणित करून घ्या. कंपनी बंद पडल्यावर सही कोण देणार? टाइपचाही विचार करा: ए३८० वरचा अनुभव मोठा खरा, पण मायदेशात त्या टाइपचे विमानच नसेल तर परतताना ए३२० किंवा ७३७ चे रेटिंग नव्याने चालू करावे लागेल, आणि तो खर्च कोणाचा हा प्रश्न पुन्हा समोर येईल.

एका एजंटने मुलाखतीची जागा पक्की करायला पैसे मागितले. द्यावे का?

नाही. एअरलाइन मुलाखतीसाठी पैसे घेत नाही. कंपनीच्या अधिकृत करिअर पानावर ती जाहिरात आहे का ते पाहा आणि तिथूनच अर्ज करा. पासपोर्ट, लायसन्स आणि लॉगबुकच्या स्कॅन प्रती त्या एजंटला आधीच पाठवल्या असतील, तर तुमच्या नियामकाला लगेच कळवून ठेवा.